न थांबणारी शिवण

बाथरूम चार पावलांवर असताना दोरा तुटला. बायकोने मशीन थांबवली, आणि म्हातारा शिंपीही जिथल्या तिथे थांबला. एक टाच उचललेली, ती तशीच.

"काका, चला ना," मागून डॉक्टर म्हणाली. काका हलायला तयार नाहीत.

"हात लावू नका मॅडम, पडतील." बायकोने सुईत दोरा ओवला आणि पायडल मारलं. मशीन खडखडली तसा शिंपी चालू लागला, मधे काही झालंच नव्हतं अशा थाटात.

कंपवातात चालण्याचा हुकूम मेंदूतच अडकतो. ताल कानावर पडला, की तो दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो. डॉक्टरचं संशोधन यावरच होतं. तिच्या प्रयोगशाळेत याच शिंप्याला तिने हेडफोन लावून टिकटिक ऐकवली, तेव्हा तो झपझप चालला होता. घरी आल्यावर हेडफोन खुंटीला गेला. घड्याळाच्या मागे मी कधी चाललो नाही, म्हणाला. ते का, हे बघायला ती आज आली होती.

सुईखाली एक गोल कापड फिरत होतं. टिपांवर टिपा पडून ते पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं.

"हे काय शिवताय, काकू?"

"काही नाही. पट्टी संपली की मशीन थांबते आणि हेही थांबतात. म्हणून दोन्ही टोकं जोडून टाकली."

"मग कापड तरी कशाला? नुसतीच चालवायची."

"चालवली होती. वाटेत उभे राहून माझ्यावरच खेकसले. रिकामी चालवू नकोस, मशीनचे दात झिजतात." ती गुडघा चोळत हसली. "दात शाबूत आहेत, झिजतायत ते हे गुडघे. दिवसातून आठ खेपा. सून म्हणते, त्यांना डायपर बांधा. तो विषय निघाला की हे दोन दिवस पाणी पीत नाहीत."

डॉक्टरने मशीनचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. तासाभराने शिंप्याला पुन्हा जायचं होतं, तेव्हा तिने फोन मशीनवर ठेवून तो लावला. बायको बाजूला उभी राहिली, पदर मुठीत धरून. शिंप्याची टाच उचलली गेली. तो कुठेही न अडखळता उंबरा ओलांडून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

"झालं, काकू," फोन बंद करत डॉक्टर म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. "आता तुम्ही निवांत बसा."

बायको बसली. तिला हायसं वाटलं, अगदी डोळे भरून येण्याइतकं. आणि कुठेतरी टोचलंही.

"चालव गं," आतून हाक आली.

डॉक्टरचा हात फोनकडे गेला. तो पोचण्याआधीच बायकोने फोन उचलून तिच्या हातात दिला.

"हा आवाज माझ्या फोनवर पाठवा, ते जाताना लावत जाईन," ती स्टूल पुढे ओढत म्हणाली. "येताना मीच आणते त्यांना."