तीन तुटके पदर

रुतलेल्या गाड्या काढून देणारा यशवंत तोडणकर जीपच्या पुढच्या विंचवर गुंडाळलेली, गाड्या ओढायची पोलादी तार पुसत होता. आकड्याजवळ फडकं अडकलं. तारेचे तीन पदर तुटले होते आणि नवी तार पुण्याहून यायला आठवडा होता.

त्याच दुपारी किनाऱ्यावरून बोलावणं आलं. कोल्हापूरच्या एका कुटुंबाची गाडी वाळूत रुतली होती आणि भरती चढत होती. यशवंतने चाकांतली हवा कमी केली, वाळू उपसली, चाकांखाली फळ्या सरकवल्या, जाड दोर लावून जीपने ओढून पाहिलं. गाडी हलेना.

“अहो, ती विंचची तार लावा ना!” मालक ओरडला.

“खराब झालीये ती. तुटून उसळली तर माणूस चिरला जाईल. गाडी राहू दे, तुम्ही सगळे वर चला.”

संध्याकाळी लाटा गाडीच्या टपावरून जाऊ लागल्या. मालकाच्या शिव्या खाऊन यशवंत घरी आला, पण त्याला चैन पडेना.

सकाळी त्याने बायकोला, सुलभाला, घराबाहेर येऊ नकोस म्हणून बजावलं, तार परसातल्या आंब्याला बांधली आणि विंच पूर्ण जोराने चालवलं. ब्रेक लावलेली जीप फरफटत पुढे सरकली. तार करकरली, पण तुटली नाही.

त्याने विंच बंद केलं. सुलभा बाहेर आली.

“म्हणजे गाडी निघाली असती?”

“निघाली असती.”

मग त्याने लोखंड कापायचा ग्राइंडर आणला आणि तारेचे वीत-वीतभर तुकडे करायला घेतले. एकदा टिकली म्हणून पुढच्या वेळी आपण तीच तार लावू, याची त्याला धास्ती वाटत होती.