एकेचाळिसावं मिनिट

सणसरच्या सावळारामआबांचं शेवटचं कीर्तन एका जुन्या डिस्कवर उरलं होतं, आणि डिस्क आचके देत होती. वायफायच्या नव्या स्टोरेजवर बॅकअप काही उतरेना. जयवंताच्या धाकट्या भावानं, माऊलीनं, डिस्कची वायर बदलली, स्टोरेज बदललं. बॅकअप एकेचाळिसाव्या मिनिटालाच तुटायचा.

"आक्का, आता एकदाच चालंल बघ ही डिस्क."

त्या दिवशी याच एकेचाळिसाव्या मिनिटाला जयवंता कीर्तनातनं उठली होती, एमआयडीसीतली पाळी गाठायला. मधेच उठलेलं आबांना खपत नसे. ती परतली तेव्हा आबांनी प्राण सोडला होता.

"लाव. आवाजबी मोठा कर." ती पदर सावरून जमिनीवर बसली.

एकेचाळिसाव्या मिनिटाला टाळ थांबले. आवाज मात्र तुटला नाही.

"जयवंता आली का?" आबांनी विचारलं.

माऊली पांढराफटक पडला. "आक्का, हे आदी नव्हतं गं."

"बसली न्हवं?" आबा म्हणाले. "मग आता आरती होईस्तोवर कुणी उठायचं न्हाय."

टाळ पुन्हा सुरू झाले. पडद्यावर बॅकअपचा उरलेला वेळ वाढू लागला: दोन तास, नऊ दिवस, एकतीस वर्षं.

जयवंतानं उठायला हात टेकला. गुडघे हललेच नाहीत.