रिकाम्या कप्प्यातली टिकटिक

मुलांनो, डोळे मिटा आणि हुबळीच्या विमानतळावरचं एक लहानसं विमान समोर आणा. त्याच्या नाकातलं इंजिन काढून शेजारी लाकडी घोडीवर ठेवलं आहे.

इंजिनाचा तो रिकामा कप्पा भीमसेन मेकॅनिक रंगासाठी घासत होते, आणि त्यांची मुलगी हेमावती फडक्यानं पुसत होती. रविवारी हे विमान पुन्हा उडणार होतं. पायलटशेजारी तिचे अप्पाच बसणार होते.

पुसता पुसता तिला आवाज आला. टिक्. टिक्. लांबून आलेली मोटार थांबली की तापलेलं लोखंड निवताना वाजतं, तसा.

“अप्पा, हे आत्ताच उतरल्यासारखं वाजतंय की!”

“खुळे, इंजिन तिकडं बसलंय. त्यालाच विचार जा,” अप्पा हसले आणि नळावर हात धुवायला गेले.

हेमावतीनं इंजिनाला हात लावला. ते गार होतं. मग रिकाम्या कप्प्याला लावला. सावलीतला तो पत्रा चांगलाच तापला होता.

ती वाकून हळूच म्हणाली, “रविवारी अप्पांना परत आणशील ना?”

टिकटिक थांबली.

हेमावतीनं बराच वेळ वाट पाहिली. मग खुंटीवरच्या अप्पांच्या सदऱ्यातून तिनं विमानाची किल्ली काढली आणि फ्रॉकच्या खिशात घातली.