शंभर-शंभर दाणे

सात वर्षांपूर्वी कळसाडीत पेरणीआधी हिंमतरावांनी दादर ज्वारीचे शंभर घरचे आणि शंभर दुकानचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. "देख बेटा, घरना ब्याण्णव उगनात, दुकानना शहाऐंशी!"

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी त्यांची लेक सीमा हसली. "बापू, एवढा फरक योगायोगानेही पडतो. तुमचा नमुना फार लहान आहे."

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यांच्या तेराव्यानंतर तिला कोनाड्यात एक वही सापडली. तेच शंभर-शंभर दाणे, दरवर्षी, सात वर्षं. सीमाने सगळे आकडे मिळवून गणित मांडलं. फरक योगायोगाचा नव्हता.

शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "आते नमुना मोठा व्हयना का, बेटा?"