बसा ना, ताई

वजन कमी करायचे उपचार लोक मध्येच का सोडतात, याचंच संशोधन आधी करायचं, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं होतं. म्हणून तर उपचार सोडलेल्या ताईंना आज मुद्दाम बोलावलं.

ताई मात्र दाराशीच उभ्या, पर्स खांद्यावर तशीच. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. (ही पण कलटी मारणार!)

"बसा ना, ताई."

"नको, उभीच बरी."

"गेल्या वेळीही मला न भेटताच पसार झालात. आमच्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे हो..."

ताईंनी समोरच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या अरुंद खुर्चीकडे पाहिलं.



"गेल्या वेळी बाहेर अशाच खुर्चीत अडकले, शिपायाने ओढून काढलं, सगळ्यांसमोर."