चार बोटं जागा

रिकाम्या गाडीच्या पोटाखाली पाच बोटं जागा असायची. माणसं बसली की चार. म्हणून बदलापुरातल्या प्रत्येक गतिरोधकाआधी विक्रांत बायकोला, यशोधराला, खाली उतरवायचा आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बसवायचा. सेकंडहँड का होईना, स्पोर्ट्स गाडी होती ना! यशोधराचा अख्खा दिवाळी बोनस गाडीच्या सस्पेन्शनने खाल्ला होता.

आज मागच्या सीटवर यशोधराची आई होती, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलातून घरी निघालेली. गतिरोधक दिसताच विक्रांतने ब्रेक मारला.

"आई, दोन मिनिटं उतरता का? खाली इंजिन ऑइलचा चेंबर फुटला तर सत्तर हजारांना बसेल."

"उतरते की," म्हणत आईने वॉकरकडे हात नेला.

यशोधराने तिला धरून उतरवलं. विक्रांतने गाडी अलगद पलीकडे नेली आणि खुशीत ओरडला, "बघ, जरासुद्धा घासली नाही! या, बसा."

यशोधराने मागून येणाऱ्या रिक्षाला हात केला. दोघींना घेऊन रिक्षा गतिरोधकावरून हळूच पलीकडे गेली. गाडीशेजारी रिक्षा थांबवून यशोधराने वर्षभर गिळलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"मी आईकडे राहायला चाललेय. ही गाडी विकलीस की मला न्यायला ये. रिक्षाने ये."