लेन्सचा नंबर

नौपाड्यातल्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मेधाच्या डोळ्यांचं माप घेणं चाललं होतं. डॉक्टर उर्वीने विचारलं, "चष्मा घालवायला पूर्वी लेझर केलंय का?"

मेधाने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, श्रीरंगकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. लग्न ठरायच्या आधी आईने ते गुपचूप करून घेतलं होतं. सासरी कोणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरने पुन्हा माप घेतलं. "मापं जुळत नाहीयेत. लेझर झालं असेल आणि मला कळलं नाही, तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर चुकेल. ऑपरेशन होऊनही धूसरच दिसेल."

मेधाने मान खाली घातली. "केलंय. लग्नाआधी. जाड भिंगांचा चष्मा होता मला."

"बरं झालं सांगितलंत. आता त्या हिशोबाने नंबर काढते. काळजी करू नका."

बाहेर रिक्षाची वाट पाहताना मेधाने हळूच विचारलं, "रागावलात?"

"छे गं. तू सांगितलं नसतंस तर मीच सांगणार होतो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"लग्नानंतर कितीतरी दिवस तू सकाळी डोळे उघडायच्या आधी उशाशी चष्मा चाचपायचीस."